चारशे पन्नासचा ठसा

साल होतं एकोणीसशे चोपन्न. अलास्का तेव्हा राज्य झालेलं नव्हतं, खोऱ्यात वीज आली नव्हती, आणि बर्च तळ्याच्या अलीकडची-पलीकडची मिळून तेवीस घरं होती. त्या वर्षी तळ्यावरचा बर्फ फुटायला मे उजाडला आणि तळं पुन्हा गोठायला लागलं ते ऑक्टोबरातच. मधला उन्हाळा इतका आखूड झाला, की हेस्टर रुडबर्गचे बटाटे सुपारीएवढेच राहिले.

हेस्टरचा नवरा ॲन्सेल बंदुकांचं काम करी. घराच्या मागच्या अंगाला लाकडी पडवी होती, तिच्यात लेथ मशीन होतं, ते जुन्या जीपच्या इंजिनावर पट्टा लावून चाले. इंजिन सुरू झालं की स्वयंपाकघरातल्या बशा थरथरायच्या. हेस्टरला त्याची इतकी सवय झाली होती, की बशा गप्प झाल्या तर ती हातातलं काम टाकून पडवीत डोकावायची.

बंदुकीची नळी आतून मोठी करून देण्याचं काम त्या भागात ॲन्सेलइतकं कुणाला साधत नव्हतं. लोक लिव्हरच्या बंदुका घेऊन येत, खालचा दांडा ओढला की पुढचं काडतूस आत सरकतं तसल्या. झाडीत चटकन उचलायला, खांद्याला लावायला, एकामागून एक बार काढायला तसली बंदूक बरी. पण तपकिरी अस्वलासमोर तिची मूळ गोळी हलकी पडे. ॲन्सेल नळी सोडवी, पोखरून रुंद करी, मग आत नवे आटे पाडी, एकेक आटा हाताने ओढून, दोन-दोन दिवस. बाहेरून बंदूक तीच दिसे. आत मात्र अंगठा जाईल असं वाटण्याइतकं भोक.

म्हणूनच त्याचा एक नियम होता. कोणतं काडतूस चालतं ते सांगणारा कारखान्याचा जो आकडा नळीवर असतो त्याच्यावर छिन्नीने तिरकी रेघ मारायची आणि शेजारी नवा आकडा ठोकायचा. त्याशिवाय बंदूक पडवीबाहेर जायची नाही. तशी पाटीच त्याने लेथवर टांगली होती. त्यामागे कारण होतं. ऑरेगॉनात तो दुसऱ्याच्या भागीत काम करायचा तेव्हा भागीदाराने ठशाविना एक बंदूक दिली, बंदुकीच्या मालकाच्या मेव्हण्याने तिच्यात चुकीचं काडतूस घातलं, आणि त्या माणसाचा एक डोळा गेला. ॲन्सेल ते दुकान सोडून उत्तरेला आला तो तेव्हा.

ठसे मात्र मारायची हेस्टर. ॲन्सेलच्या उजव्या हाताची दोन बोटं हिवाळ्याने खाल्ली होती, हातोडी त्याच्या हातात डुगडुगे. हेस्टरचा हात दगडासारखा स्थिर. बंदूक तयार झाली की ती ठसा मारी, तेल लावी, फ्लॅनेलमध्ये गुंडाळी. ॲन्सेल ते पुन्हा उघडून बघत नसे. पंधरा वर्षांत एकदाही त्याला बघावं लागलं नव्हतं.

तळ्याच्या पलीकडे ब्रेक्के राहत. म्हातारा आयनार ब्रेक्के आदल्या हिवाळ्यात वारला होता, त्याच्या आधी दोन वर्षं लंगडत काढून. त्याने एका अस्वलिणीला तीन गोळ्या घातल्या, तिन्ही लागल्या, तरी ती त्याच्यापर्यंत पोचली आणि मांडी फाडून मगच मेली. बंदूक तीनशे अठ्ठेचाळीसची. त्याचा मुलगा हाल्वर ती बंदूक एप्रिलमध्ये बर्फावरून घेऊन आला आणि म्हणाला, हिची चारशे पन्नास करून द्या.

पण आयनारने त्या नळीवर खिळ्याच्या टोकाने टिंब टिंब ठोकून दोन ओळी काढल्या होत्या. वर ए. ब्रेक्के, १९३७. खाली राग्ना. राग्ना म्हणजे हाल्वरची आई. तिला त्याच वर्षी पुरलं होतं. त्या ओळी नेमक्या कारखान्याच्या आकड्याला चिकटून होत्या. रेघ मारायची तर ती राग्नाच्या नावातून जाणार.

"आतून काय करायचं ते करा," हाल्वर ॲन्सेलला म्हणाला. "बाहेरून हात लावू नका."

"बाहेरून ठसा लागतो."

"आत काय आहे ते मला ठाऊक आहे ना. वापरणार मी."

"आणि तू मेल्यावर?"

"मेल्यावर मला अस्वलानं खाल्लं काय, तुम्ही खाल्लं काय."

ॲन्सेलने बोटं नसलेला हात वर करून पाटी दाखवली आणि लेथ सुरू केलं. त्याच्यापुरता विषय तिथे संपला.

काम झालं त्या दिवशी हाल्वर आधी पडवीत गेला नाही. हेस्टर मागे लाकडं रचत होती तिथे आला. टोपी काढून उभा राहिला. मग म्हणाला, की आईचा फोटो त्यांच्या घरात एकही नाही. तिचं नाव लिहिलेलं आहे ते या लोखंडावर, बाकी कुठे नाही. थडग्यावरची फळीसुद्धा कुजून गेली.

हेस्टरने त्याच्याकडे बघितलं आणि तिला आयनार आठवला. एकोणचाळीस साली, त्यांच्या इथल्या पहिल्याच हिवाळ्यात, ॲन्सेल तळ्यावर वाट चुकला तेव्हा आयनार कुत्र्यांची गाडी घेऊन त्याला शोधायला गेला होता, आणि त्याचे गोठलेले हात स्वतःच्या सदऱ्याच्या आत पोटाशी धरून घेऊन आला होता. दोन बोटं गेली, आठ राहिली. त्या आठ बोटांवर त्यांचं घर चालत होतं.

तिने ठसा मारला नाही. तांब्याच्या पत्र्याची रुपयाएवढी चकती कापली, तिच्यावर ४५० ठोकलं आणि पट्ट्याच्या कडीला तारेने बांधून दिली. हाल्वरला बजावलं, की ही काढायची नाही. तो हो म्हणाला. बंदूक तिने नेहमीसारखी फ्लॅनेलमध्ये गुंडाळली. रात्री ॲन्सेलने सहज विचारलं, ठसा नीट बसला का, आणि ती म्हणाली, बसला.

चकती आठवडाभरसुद्धा टिकली नाही. चालताना ती कडीवर किणकिणायची, आणि किणकिणणारी बंदूक घेऊन झाडीत कुणी जात नाही. मूस हरीण अर्ध्या मैलावरून कान टवकारतं. हाल्वरने ती काढून घरात खिळ्याला अडकवली. त्यात आपण काही वावगं केलं असं त्याच्या मनातही आलं नसेल. खोऱ्यातल्या कुणाच्याच आलं नसतं.

ऑगस्टमध्ये हाल्वरने मिनेसोटाहून बायको आणली. सिग्ने तिचं नाव. पंचवीस वर्षांची, उंच, हसली की हिरड्या दिसणारी. पहिल्याच भेटीत तिने हेस्टरला 'तांते हेस्टर' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे मावशी, त्यांच्या नॉर्वेकडच्या बोलीत. हेस्टरला मूल नव्हतं, भाची नव्हती. ते 'तांते' तिला एवढं गोड लागलं, की ती दोनदा काहीतरी निमित्त काढून होडीने पलीकडे गेली. दोघींनी मिळून बादल्या भरभरून क्रॅनबेरी खुडल्या. सिग्ने काम व्यवस्थित करणारी मुलगी होती. बरण्यांवर चिठ्ठ्या लावायची, तारखेसकट. हेस्टर तिला म्हणाली, अगं, तू अस्वलांनासुद्धा चिठ्ठ्या लावशील. सिग्ने म्हणाली, लावीन, पण आधी त्यांना रांगेत उभं करा.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला हाल्वरला सीवर्डच्या बंदरावर सहा आठवड्यांचं काम मिळालं. निरोप आला त्याच दिवशी जायचं होतं, विमान थांबलं होतं. निघताना तो सिग्नेला म्हणाला, बंदूक दाराशी आहे, गोळ्या तंबाखूच्या डब्यात आहेत. आणि गेला.

पुढचं सगळं हेस्टरला ओपलच्या दुकानात कळलं. दुकान म्हणजे पोस्ट, दुकान म्हणजे खोऱ्यातला एकुलता एक रेडिओफोन, आणि मध्ये शेगडी. शेगडीभोवती सापळे लावणारे तिघे-चौघे कायम बसलेले. ओपल त्यांना म्हणायची, तुमचं भाडं लावलं असतं तर मी एव्हाना कॅलिफोर्नियात असते.

तो सोमवार होता. तळ्यावर बर्फाचा चिखल तरंगत होता. होडी चालणार नाही आणि माणूस चालणार नाही, असे ते दिवस. विमानवाल्याने विमानाचे पाण्यावरचे तराफे काढून ठेवले होते, बर्फावर घसरायच्या पट्ट्या अजून लावायच्या होत्या. तळं घट्ट होईपर्यंत तोही जमिनीवर. तळ्याला वळसा घालून पायवाट होती, पण तिच्यावरची नदी त्या दिवसांत कुणी ओलांडत नसे.

हेस्टर मीठ घ्यायला गेली होती. ओपल बोलता बोलता म्हणाली, तुझी ती लाडकी भाची हुशार आहे हो. शेवटच्या होडीने आली होती शनिवारी. इथले पुरुष येऊन सांगतात, ती लांबट काडतुसं दे, ती निळ्या खोक्यातली दे. हिनं नळीवरचा आकडा कागदावर उतरवून आणला. तीनशे अठ्ठेचाळीस. एक खोकं घेऊन गेली.

हेस्टरच्या हातातली मिठाची पिशवी तिथेच फळीवर राहिली.

तिने विचारलं, डब्यात काडतुसं नव्हती का? ओपलला काय ठाऊक. पण ती म्हणाली, होती काहीतरी, सिग्ने सांगत होती. जाडी, बुटकी, कुठल्या तरी दुसऱ्याच बंदुकीची. शेडमध्ये सासऱ्याची एक मोडकी बंदूक पडलेली आहे, तिची असणार. आणि हो, तिच्या मांसाच्या कोठीभोवती एक अस्वल घुटमळतंय. म्हातारं आहे, जबडा वाकडा. या दिवसांत अजून झोपलं नाही म्हणजे उपाशीच असणार.

ती जाडी, बुटकी काडतुसं ॲन्सेलनेच भरून दिली होती. हेस्टरने स्वतः ती मोजून डब्यात घातली होती. आणि तीनशे अठ्ठेचाळीसचं काडतूस त्या नळीत घातलं तर काय होईल ते तिला कुणी सांगायला नको होतं. आत जायला ते जाईल, सैल. घोडा पडेल, आवाजही होईल. गोळी त्या रुंद नळीतून गडगडत बाहेर पडेल, दोरीतून सुटलेल्या दगडासारखी, आणि काडतुसाची पुंगळी फुगून, फाटून आतच अडकून बसेल. दुसरा बार नाही.

तिने ओपलकडे कागद मागितला. पलीकडे निरोप पोचवायचा एकच मार्ग होता. ओपल रेडिओफोनवरून अँकरेजला सांगणार, आणि तिथलं आकाशवाणी केंद्र संध्याकाळी सात वाजता खोऱ्याखोऱ्यांचे निरोप वाचून दाखवणार. सगळ्या घरांतून बॅटरीचे रेडिओ होते. सात वाजता सगळे ऐकायचे, स्वतःचा निरोप असो नसो. कुणाला मुलगा झाला, कुणाची सासू येतेय, कुणाची बायको परत यायचं नाही म्हणते, ते सगळं सगळ्यांना कळे. म्हणून लोक निरोप अर्धाच द्यायचे. उरलेला ज्याचा त्याने समजून घ्यायचा.

हेस्टरने लिहिलं: सिग्ने ब्रेक्केला. तुझी बंदूक आता तीनशे अठ्ठेचाळीसची नाही, चारशे पन्नासची आहे. विकतची काडतुसं घालू नकोस. डब्यातली जाडी घाल. नळीवर ठसा मारला नव्हता.

लिहून झाल्यावर तिने ते वाचलं. शेगडीजवळचा एक जण मान वळवून बघत होता. सात वाजता ॲन्सेल खुर्ची रेडिओपाशी ओढतो, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं. कॉफीच्या पेल्याभोवती त्याची आठ बोटं. ठशाशिवाय रुडबर्गच्या दुकानातून बंदूक गेली, हे त्याला अँकरेजच्या निवेदकाच्या तोंडून कळणार, आणि त्याच क्षणी बावीस घरांना कळणार. बसला, असं ती त्याला म्हणाली होती.

तिने तो कागद दुमडून कोटाच्या खिशात घातला आणि दुसऱ्या कागदावर लिहिलं: सिग्ने ब्रेक्केला. मी येईपर्यंत बंदूक वापरू नकोस. हेस्टर.

"एवढंच?" ओपल म्हणाली.

"एवढंच. तिला कळेल."

सात वाजता तो निरोप वाचला गेला. ॲन्सेलने भुवया वर केल्या. काय झालं त्या बंदुकीला, त्याने विचारलं. हेस्टर म्हणाली, माशीचा स्क्रू ढिला आहे असं हाल्वर म्हणत होता. माशी म्हणजे नळीच्या टोकाची नेम धरायची खूण. ॲन्सेलने कॉफीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, स्क्रूसाठी कुणी अस्वलाच्या दिवसांत बाईला निःशस्त्र करतं का, आणि निवेदक पुढचा निरोप वाचायला लागला.

मंगळवारी हेस्टर तीनदा तळ्यावर जाऊन आली. काठाचा बर्फ काठीने टोचला की काठी खाली जायची. पलीकडे ब्रेक्क्यांचा धूर सरळ वर जात होता. धूर आहे म्हणजे ती आहे. सिग्ने सांगितलेलं ऐकणारी मुलगी आहे, हेस्टर स्वतःला म्हणाली. वापरू नकोस म्हटलं म्हणजे वापरणार नाही. आणि मग तिला वाटलं, न वापरून ती करणार काय आहे?

बुधवारी सकाळी तिने भाकरीचं पीठ भिजवलं आणि तसंच सोडलं. दुपारी ती पडवीत गेली. लेथ चालू होतं. तिने स्वतःच्या हाताने इंजिन बंद केलं. ॲन्सेलने वळून बघितलं.

"ब्रेक्केच्या बंदुकीवर मी ठसा मारला नाही," ती म्हणाली.

तिने बाकीचं सगळं सांगितलं: चकती, कागदावरचा आकडा, निळं खोकं. शेवटी त्याने विचारलं ते एवढंच, की सोमवारी तुला हे सगळं ठाऊक होतं का. ती हो म्हणाली. त्याने एप्रन काढला, खिळ्याला लावला, कोट घातला. बटणं लावायला त्याला नेहमी वेळ लागे. ती पुढे झाली तर त्याने हात बाजूला केला. दुकान दोन मैलांवर होतं. तो चालत गेला.

त्या संध्याकाळी निवेदकाने वाचलं: सिग्ने ब्रेक्केला आणि खोऱ्यातल्या सर्वांना. हाल्वर ब्रेक्केची बंदूक माझ्या दुकानातून ठशाशिवाय गेली. ती चारशे पन्नासची आहे. विकतची काडतुसं तिच्यात चालणार नाहीत. तंबाखूच्या डब्यातली जाडी काडतुसं तिचीच आहेत. पुंगळी अडकली असेल तर चाकूच्या टोकाने पाठीमागून उचकट. चूक माझी आहे. ॲन्सेल रुडबर्ग.

निवेदकाने ते दोनदा वाचलं, ॲन्सेलने तसं सांगितलं होतं म्हणून. ॲन्सेल स्वतः तेव्हा घरी पोचला नव्हता. हेस्टरने एकटीने ऐकलं. माझी, असं त्याने लिहिलं होतं.

शनिवारी बर्फ माणूस पेलण्याइतका झाला. ॲन्सेल, हेस्टर आणि शेगडीजवळचे दोघे घसरगाडी घेऊन निघाले, एकमेकांना दोर बांधून. ब्रेक्क्यांच्या धुराड्यातून धूर येत होता, बारीक.

दारातच अस्वल पडलं होतं, अर्धं आत, अर्धं बाहेर. वाकड्या जबड्याचं. बर्फाने वरून पांढरं झालेलं. दार त्याच्यामुळे लागत नव्हतं, म्हणून उघड्या फटीत गोधडी कोंबलेली होती. सिग्ने शेगडीपाशी जमिनीवर बसली होती. उजवा हात चादरीच्या पट्ट्यांत गुंडाळलेला, पट्ट्या काळ्या. वास येत होता. ती शुद्धीवर होती.

तिने जे सांगितलं ते तुकड्यातुकड्याने. सोमवारचा निरोप तिने ऐकला होता. मंगळवारी अस्वल कोठीशी आलं तेव्हा तिने बंदुकीला हात लावला नाही. परातीवर पळी बडवली, ते गेलं. बुधवारी दुपारी चारला ते कोठी सोडून कोंबड्यांच्या खुराड्यावर आलं, आणि तिथून घर वीस पावलं. तेव्हा ती बंदूक घेऊन अंगणात आली. तांते हेस्टरचं काही कारण असेल, तिला वाटलं, पण कारण काय ते तर सांगितलेलं नाही; आणि हाल्वरने तर याच बंदुकीने सप्टेंबरात मूस पाडला होता. तिने नीट नेम धरून बार काढला. बंदुकीने खांद्याला धक्काच दिला नाही. लिव्हर ओढली तर ती येईना. अस्वलाने तिचा हात कोपरापाशी धरला, तिला झटकलं, टाकलं, आणि कोंबड्यांकडे परत गेलं. बंदूक ओढत ती घरात सरपटत आली.

मग सात वाजले. हाल्वरचा निरोप येईल म्हणून ती रोज रेडिओ लावायची, त्या दिवशीही लावला, डाव्या हाताने. दुसऱ्यांदा वाचलेला निरोप तिने ओठ हलवत पाठ केला. चाकूने पुंगळी उचकटायला तिला फार वेळ लागला. बंदूक गुडघ्यांत धरून, डाव्या हाताने. डब्यातली जाडी काडतुसं घातली. गुरुवारी उजाडता उजाडता अस्वल दारातून आत आलं. तिने टेबलावर नळी टेकवली होती. एकच बार.

कोठीची किल्ली तिच्या गळ्यात होती. किल्लीला तांब्याची चकती होती, ४५० लिहिलेली. खिळ्यावर मिळाली म्हणून तिने किल्लीला लावली होती. कुलपाचा नंबर असेल असं वाटलं होतं तिला.

ॲन्सेल पट्ट्या सोडवायला वाकला. सिग्ने त्याला म्हणाली, "तुमच्यामुळे वाचले मी. तुम्ही खरं बोललात." मग तिने हेस्टरकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, फक्त तिला समजत नव्हतं. "तांते, तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं ना? सोमवारी?"

हेस्टर नाही म्हणू शकली असती. ॲन्सेलने सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं, खोऱ्याचा त्यावर विश्वास बसला होता, आणि तो मान वर करत नव्हता.

"माहीत होतं," हेस्टर म्हणाली. "ठसा मीच मारला नाही. सोमवारी सगळा निरोप लिहिला होता मी. दिला नाही."

खिशात तो कागद अजून होता. तिने तो काढून दाखवला. का दाखवला, तिलाही सांगता आलं नसतं. सिग्नेने तो डाव्या हातात घेतला, वाचला, आणि आपलं तोंड भिंतीकडे केलं. घसरगाडीवर तिला निजवलं, तळं ओलांडलं, दुसऱ्या दिवशी विमानात चढवलं, तोवर ती हेस्टरशी बोलली नाही. पुढेही कधी बोलली नाही.

तिचा हात सीवर्डला कोपराच्या वर कापावा लागला. बुधवारी दुपारपर्यंत दोन्ही हात धडधाकट असलेली मुलगी ती.

हाल्वर वसंतात बंदूक घेऊन आला. ती ठशासाठी हेस्टरपुढे ठेवली आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला. रेघ राग्नाच्या नावातून गेली, रा आणि ग्ना यांच्या मधून. त्यानंतर हेस्टरने हातोडी उचलली नाही. ॲन्सेल ठसे स्वतः मारू लागला. त्याचे आकडे वाकडे पडत, चार खाली, पाच वर. पण ठसे मारायला बंदुका फारशा येत नसत. त्याने पाटी उतरवून लाकडांत टाकली. हेस्टरला तो कधीही काही बोलला नाही. फक्त फ्लॅनेल उघडून बघायला लागला, तिने गुंडाळलेलं काहीही असो, अगदी भाकरीसुद्धा.

ओपल अखेर कॅलिफोर्नियाला गेली आणि दोन वर्षांत परत आली. तिथली माणसं फार बोलतात म्हणे.

ब्रेक्के नवरा-बायको सीवर्डला राहिली. सिग्नेने मासळीच्या गोदामात हिशेबनिसाचं काम धरलं, डाव्या हाताने, आणि तिचं अक्षर आधीपेक्षा चांगलं झालं. चौसष्टच्या भूकंपात समुद्र त्यांचं घर घेऊन गेला. दोघं रात्रभर डोंगरावर थंडीत बसली आणि वाचली. बंदूक मात्र घराबरोबर गेली. हाल्वर एकाहत्तरात हृदयविकाराने गेला. सिग्ने खूप जगली.

दर नाताळला तिचं एक कार्ड खोऱ्यात येई. पत्त्यावर नाव एकच असे, ॲन्सेल रुडबर्ग. ते हेस्टर पोस्टातून आणायची आणि त्याच्यापुढे ठेवायची; तो वाचायचा आणि खिडकीत उभं करायचा. साठ साली ॲन्सेल वारला. कळवलं कुणी नव्हतं, तरी त्या नाताळला कार्ड आलं नाही.

हेस्टर त्या घरात एकटीच आणखी एकोणीस वर्षं राहिली. खोऱ्यात फोन आले, निरोपांचा कार्यक्रम बंद पडला, त्या जागी गाणी लागायला लागली. तरी सात वाजता ती खुर्ची रेडिओपाशी ओढायची आणि गाणी संपेपर्यंत बसायची.